‘स्वतः’, ‘टिळक’ आणि ‘भाई’: पतीच्या उल्लेखातील तादात्म्य आणि अंतर

मराठी समीक्षेत ‘तादात्म्य’ आणि ‘ताटस्थ्य’ ही जोडी प्रामुख्याने वाचकाच्या संदर्भात वापरली गेली आहे. १९२१ मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता की वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि तरीही आपले स्वत्व विसरत नाही, हे घडते कसे? संस्कृत काव्यशास्त्राने हाच प्रश्न साधारणीकरणाच्या रूपाने हाताळला होता. अभिनवगुप्ताचे मत देताना मम्मट सांगतो की काव्यातील विभावादी ‘माझे’, ‘शत्रूचे’ वा ‘तटस्थाचे’ यांपैकी कोणत्याही विशिष्ट संबंधाने प्रतीत होत नाहीत. या साऱ्या चर्चेमागे एक गृहीत आहे. जगण्याच्या व्यवहारात ‘माझे’ कोणते आणि ‘परक्याचे’ कोणते हे आधीच ठरलेले असते. कलानुभवात ही सीमारेषा काही काळ पुसली जाते, एवढेच. परंतु व्यवहारात तरी ती खरोखर ठरलेली असते काय? दोन माणसांच्या नात्यात एकाने दुसऱ्याशी किती एकरूप व्हावे आणि किती अंतर राखावे याचा निर्णय बहुतेक वेळा विचाराने होत नाही. तो सर्वनामांनी, संबोधनांनी आणि टाळलेल्या नावांनी होत असतो. मराठी स्त्रियांच्या आत्मकथनांत पतीचा उल्लेख कोणत्या शब्दाने होतो, या एका लहानशा बाबीच्या आधाराने या निर्णयाचा इतिहास पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

या इतिहासाचा मोठा भाग मुंबईतल्या ठाकूरद्वार नाक्याच्या आसपास, चालत जाण्याइतक्या अंतरात मांडता येतो. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे मंदिर एका बाजूस आहे. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव करणाऱ्या केशवजी नाईकांच्या चाळी जवळच आहेत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची शाखा, १९३५ चा साहित्य संघ, खटाववाडीतले मौज प्रकाशन हे सारे याच परिसरातले. पुनर्विवाहाची भाषणे, चाळीतली भांडणे आणि छापखान्यातली मुद्रिते यांचे इतके निकटचे शेजारपण मराठी प्रदेशात अन्यत्र क्वचितच सापडेल. नाक्याचे नावही या विषयाला साजेसे आहे. ‘ठाकूर’ म्हणजे देव किंवा स्वामी. ‘ठाकूरद्वार’ या नावात देव आहे, पण देवाचे नाव नाही. आदराचा एक शब्द आणि एक दार, एवढ्यावर निर्देश पूर्ण होतो. मोठ्या व्यक्तीऐवजी तिच्या जागेचा उल्लेख करण्याची ही रीत ‘दरबार’, ‘वाडा’, ‘चरण’ या शब्दांतही आहे; आणि घराघरांतल्या ‘इकडे’, ‘इकडून’ या शब्दांत तर ती पूर्णपणे मुरलेली होती.

‘इकडून’ या शब्दाचे व्याकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘इकडून येणे झाले’, ‘इकडून सांगणे झाले’ अशा वाक्यांत कर्ता उरतच नाही. उरते ती एक दिशा आणि एक घटना. एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९४६ च्या आपल्या निबंधात प्रथमपुरुष आणि द्वितीयपुरुष हेच खरे ‘पुरुष’ असून तृतीयपुरुष हा वस्तुतः ‘अ-पुरुष’ असल्याचे प्रतिपादन केले. ‘इकडून’ म्हणणारी स्त्री पतीला या अ-पुरुषाच्याही पलीकडे नेते. मात्र ‘इकडे’ ही दिशा बोलणाऱ्याच्या जवळची आहे. तिने ‘तिकडून’ असा शब्द निवडलेला नाही. कर्ता नाहीसा करणारे हे वाक्य त्याला आपल्या कक्षेत मात्र ठेवते. तेव्हा ‘नाव न घेणे म्हणजे दुरावा’ हे सोपे समीकरण येथेच डळमळते.

मराठीत ‘आपण’ या शब्दाची रचनाही अशीच आहे. संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृताच्या वाटेने आलेला हा शब्द तीन कामे करतो: ‘तो आपण होऊन गेला’ यात स्वतःचा निर्देश, ‘आपण बसावे’ यात समोरच्याचा आदर, आणि ‘आपण जाऊ’ यात मी व तू दोघांचा समावेश. या तिसऱ्या अर्थाच्या शेजारी ‘आम्ही’ उभा असतो. समोरचा त्यातून वगळलेला असतो. ऐकणाऱ्याला धरणारे आणि वगळणारे असे दोन वेगळे ‘आम्ही’ हिंदीत नाहीत, गुजरातीत आहेत. त्यामुळे गिरगावातल्या गुजराती शेजाऱ्याला मराठी शिकताना निदान ही एक अडचण नसावी. स्वत्व, आदर आणि सहभाग या तिन्हींसाठी एकच शब्द पुरवणाऱ्या भाषेत जवळीक आणि अंतर यांची विभागणी सरळ रेषेत होईल, ही अपेक्षाच चुकीची ठरते.

या पार्श्वभूमीवर रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील काही आठवणी’ हे १९१० चे पुस्तक वाचावे. त्यात पतीचा उल्लेख ‘स्वतः’ या शब्दाने येतो. १८७३ मध्ये अकरा वर्षांची ही मुलगी एकतीस वर्षांच्या विधुर न्यायाधीशाशी विवाहबद्ध झाली. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता स्वतःच्या वेळी कुमारिकेशी लग्न करतो, म्हणून रानड्यांवर त्या वेळी आणि नंतरही टीका झाली. लग्नाच्या रात्रीचा जो प्रसंग रमाबाई सांगतात तो आपल्या विषयाच्या दृष्टीने विलक्षण आहे. पती विचारतो: तुझे लग्न माझ्याशी झाले, मी कोण, माझे नाव काय, हे तुला ठाऊक आहे का? आणि ती मुलगी ऐकलेले नाव सांगते. म्हणजे या सहजीवनाचा आरंभच, उखाण्याच्या आडोशाशिवाय, पतीचे नाव उच्चारण्याने झाला. तीच स्त्री सदतीस वर्षांनंतर, पती दिवंगत झाल्यावर, पुस्तक लिहिताना ते नाव बाजूस ठेवते आणि ‘स्वतः’ हा शब्द निवडते.

‘स्वतः’ हा आत्मवाचक शब्द आहे. त्याला वाक्यात आधीचा एखादा कर्ता लागतो: ‘रामाने स्वतः सांगितले’. रमाबाईंच्या लेखनात तो कर्त्याशिवाय, मोकळा उभा राहतो. ज्याचा निर्देश वेगळा करावाच लागत नाही, घरात ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे हे सर्वांना ठाऊकच आहे, असा हा पुरुष. आधुनिक वाचकाला, विशेषतः स्त्रीवादी समीक्षेच्या परिचयानंतर, येथे आत्मविलोप दिसतो: जिचे ‘स्वतः’ म्हणजे नवरा, तिचे स्वतःचे काय उरले? हा प्रश्न रास्त आहे, पण तो अर्धाच वाचतो. कॅथरीन गेट्स यांनी १९३८ मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला आणि त्याला ‘हिमसेल्फ’ असे नाव दिले. आयर्लंडच्या इंग्रजी बोलीत घरच्या यजमानाला याच शब्दाने ओळखण्याची रीत आहे, त्यामुळे अनुवाद एका परीने चपखल म्हणावा लागेल. तथापि इंग्रजी शब्दाला लिंग आहे आणि पुरुषही आहे. तो ‘त्याचे स्वतः’ असा अर्थ पक्का करून टाकतो. मराठी ‘स्वतः’ला यांपैकी काहीच नाही. तो त्याचाही असू शकतो, तिचाही. इंग्रजीत जी संदिग्धता मिटली, तीच रमाबाईंच्या पुस्तकाची जीवनशक्ती आहे असे मला वाटते. कारण या पुस्तकात ‘मी’ लोपलेला नाही. शिकते म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून बोलणी खाणारी, १८९० च्या पंचहौद मिशनमधील चहानंतर पतीने प्रायश्चित्त घेतले याचे कोडे उलगडू पाहणारी ‘मी’ तेथे स्पष्ट आहे. आणि शीर्षकातले ‘आमच्या’ तर सरळ वगळणारे आहे. हे आयुष्य दोघांचे, वाचक बाहेरचा. रानड्यांची प्रार्थना समाजातली प्रवचने ज्या श्रोत्यांनी ऐकली, सुधारकांनी आणि सनातन्यांनी ज्यांना आपापल्या परीने वाटून घेतले, त्या सार्वजनिक रानड्यांवर पत्नीने ठेवलेला हा दावा आहे. ‘न्यायमूर्ती’ सर्वांचे, ‘स्वतः’ म्हणण्याचा अधिकार एकटीचा.

‘इकडे’च्या वापराचे सर्वांत प्रभावी साहित्यिक रूप मात्र एका पुरुषाच्या हातून उतरले. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ मधली यमू आपली कहाणी स्वतः लिहिते. पुण्याच्या घरात वडीलधाऱ्यांच्या देखत पतीशी बोलणे तिला अशक्य आहे. मुंबईच्या बिऱ्हाडात ते शक्य होते. पती निवर्तल्यावर पुण्यातच तिचे जबरीने वपन होते. हरिभाऊंचा परकायाप्रवेश वाखाणला जातो आणि तो वाखाणण्यासारखाच आहे. पण त्यांनी एक गोष्ट अचूक ओळखली होती, ती म्हणजे मुंबईत फरक पडला तो जागेमुळे. दोन खोल्यांचे बिऱ्हाड, वर सासू नाही, माजघर नाही. ‘इकडे’ हा शब्द वडीलधारे ऐकत आहेत या जाणिवेवर उभा होता. ऐकणारेच नाहीसे झाल्यावर त्याचे प्रयोजन झिजू लागते.

लक्ष्मीबाई टिळकांकडे वळले की स्वर एकदम बदलतो. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये पती आहे तो ‘टिळक’. नुसते आडनाव, आदरार्थी अनेकवचनी क्रियापद, आणि त्या आदराच्या आडून चाललेली मिस्कील टेहळणी. १९३४ च्या मराठी वाचकाला ‘टिळक’ या शब्दाने कोण आठवत असेल हे सांगायला नको. लोकमान्यांना जाऊन तेव्हा जेमतेम चौदा वर्षे झाली होती. लक्ष्मीबाईंनी मात्र कोणतेही विशेषण न लावता ते आडनाव आपल्या विक्षिप्त, उधळ्या, प्रेमळ कवीसाठी वापरले आणि पुस्तकभर निभावून नेले.

हे अंतर त्यांना कोठून मिळाले? १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. एकत्र आल्यावरही आरंभी लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. म्हणजे एकाच घरात पती परका आणि आपला असा दोन्ही होता. त्याच्या हातचे पाणी चालत नव्हते आणि त्याच्याशिवाय चालत नव्हते. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण तो पतीच्या मागोमाग घेतलेला नव्हता. जातिभेदाविषयीच्या स्वतःच्या विचाराने त्या तेथे पोहोचल्या, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले आहे. ज्या स्त्रीने नवऱ्याकडे एकदा परक्या धर्माचा माणूस म्हणून पाहिले, तिला पुढे त्याच्याकडे एक माणूस म्हणून पाहता आले. विनोद ही त्या दृष्टीची खूण आहे. विनोदासाठी समोरची व्यक्ती पूर्ण दिसावी लागते, आणि पूर्ण दिसण्यासाठी थोडे मागे सरावे लागते. रमाबाईंना रानड्यांविषयी विनोद करता आला नाही. ‘स्वतः’ म्हटल्यावर मागे सरायला जागाच राहत नाही.

परंतु येथेही निष्कर्षाची घाई नको. टिळकांनी अपुरे सोडलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. अकराच्या आसपास अध्यायांपासून पुढचा सारा विस्तार त्यांचा. पतीच्या काव्यात शिरून त्याच्याच संकल्पाने लिहीत राहणे यापेक्षा मोठे तादात्म्य कोणते? आणि हे करणारी हीच लेखिका गद्यात त्याची थट्टा करते. केळकरांची सविकल्प समाधी वाचकापेक्षा या बाईंनाच अधिक लागू पडते. शिवाय ‘टिळक’ हे आडनाव तिचेही होते, ही गोष्ट आपण सहसा विसरतो.

दरम्यान गिरगावच्या चाळींत संबोधनांची एक निराळीच व्यवस्था घडत होती, आणि तिच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘अहो’ हा तिचा मध्यबिंदू. गॅलरीच्या टोकाला उभ्या असलेल्या नवऱ्याला चहा झाला म्हणून हाक मारायची आहे; सासू गावी आहे, मूल शाळेत आहे, ‘इकडे’ म्हणून भागत नाही, आणि नाव तर घ्यायचे नाही. ‘अहो’मध्ये नाव नाही, नाते नाही, आहे ती केवळ हाक आणि आदराचे एक अक्षर. चाळीतल्या वीस बायकांचे वीस ‘अहो’, आणि प्रत्येक नवऱ्याला आवाजावरून आपला ‘अहो’ ओळखता येतो. ‘इकडे’कडून ‘अहो’कडे झालेले हे स्थलांतर कुटुंबाच्या आकाराशी आणि खोलीच्या क्षेत्रफळाशी जोडलेले आहे, असा माझा तर्क आहे. नवऱ्याच्या बाजूनेही टाळाटाळ होतीच. ‘आमची मंडळी’, ‘आमचे कुटुंब’ या शब्दांत एका स्त्रीचा अनेकवचनी समुदाय करून तिला अदृश्य केले जाई. फरक एवढाच की समोर असताना तो तिला ‘तू’ म्हणू शकत होता.

शेजाऱ्यांसाठी चाळीने ‘जोशीकाकू’, ‘सामंतकाका’ ही जोडनावे रूढ केली. या समासाचे दोन घटक परस्परविरुद्ध कामे करतात. ‘काकू’ जवळ घेते. ‘जोशी’ जात सांगते. एकाच दमात नाते जोडायचे आणि पंगतीतली जागाही लक्षात ठेवायची, ही सोय वाड्यात नव्हती, कारण तेथे तिची गरज नव्हती. एका जिन्यावर ब्राह्मण, सारस्वत, पाठारे प्रभू राहू लागल्यावर ती लागली. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने (१९५८) हीच व्यवस्था विनोदाच्या रूपाने अमर केली. सोकरजी त्रिलोकेकर, एच. मंगेशराव, नागूतात्या आढ्ये यांच्या आडनावांत आणि बोलण्याच्या ढंगांत जातपात आणि मुलूख पुरेपूर आहे, आणि तरी निवेदकाचा ‘आम्ही’ या सर्वांना कवेत घेतो. ते पुस्तक आजही आपलेसे वाटते याचे हे कारण आहे. त्या ‘आम्ही’ची हद्द कोठे संपते, हे मात्र विचारले पाहिजे. गिरगावच्या मध्यमवर्गीय घरांत कोकणातून आलेला घरगडी असे, आणि त्याचे नाव काहीही असले तरी तो ‘रामा’ असे. नवऱ्याचे नाव आदरापोटी घेतले जात नव्हते. या गड्याचे नाव घेण्याची तसदी कोणी घेत नव्हते. ब्राउन आणि गिल्मन यांनी १९६० मध्ये सर्वनामांच्या संदर्भात ‘सत्ता’ आणि ‘ऐक्य’ हे दोन अक्ष मांडले. मराठीतल्या ‘तू’ला ते चांगले लागू पडतात: विठोबाला ‘तू’, आईला ‘तू’, आणि रामालाही ‘तू’. पण अनामिकतेचेही असेच दोन अक्ष आहेत, हे त्यांच्या मांडणीत येत नाही. अतिशय वरच्याला आणि अतिशय खालच्याला, दोघांनाही नाव नसते.

१९९० मध्ये खटाववाडीतूनच सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ बाहेर पडले आणि बराच गदारोळ झाला. इतक्या लाडक्या माणसाविषयी त्याच्या पत्नीने इतके परखड लिहावे काय, हा त्या गदारोळाचा रोख होता. १९४६ मध्ये नोंदणी पद्धतीने विवाह केलेल्या, स्वातंत्र्य चळवळीतून आलेल्या या लेखिकेला नाव न घेण्याचे कसलेच बंधन नव्हते. पुस्तकात पतीला शब्द आहे तो ‘भाई’. हे घरातले नाव, पण नुसते घरातले राहिलेले नाही. नाटकमंडळी, मित्र, प्रकाशक, आणि पुढेपुढे अवघा महाराष्ट्र त्यांना ‘भाई’ म्हणू लागला होता. रमाबाईंचा ‘स्वतः’ दुसऱ्या कोणालाही वापरता आला नसता. सुनीताबाईंच्या ‘भाई’त सर्वांचा वाटा आहे. पत्नीला पतीसाठी केवळ आपला असा शब्दच उरलेला नाही. त्या पुस्तकातली तक्रार मुख्यतः भाईंच्या बेफिकिरीविषयी आहे असे मानले जाते. ते खरेच आहे. तरी मला त्यामागे ही दुसरी, न उच्चारलेली अडचण जाणवते. सर्वांच्या वाट्याला आलेल्या माणसाशी एकटीने जवळीक कशी साधायची? अंतर येथे रूढीने लादलेले नाही, ते लोकप्रियतेने निर्माण केले आहे, आणि त्यावर ‘अरे-तुरे’चा इलाज चालत नाही.

याच लेखिकेची धारवाडच्या जी. ए. कुलकर्णींना लिहिलेली पत्रे २००३ मध्ये ‘प्रिय जी. ए.’ या नावाने प्रसिद्ध झाली. संबोधन पाहावे: नाव नाही, आडनाव नाही, नाते नाही, दोन आद्याक्षरे. आडनावापेक्षाही कोरडा वाटणारा हा उल्लेख मराठीतल्या अत्यंत मोकळ्या पत्रव्यवहारांपैकी एकाच्या माथ्यावर आहे. ‘इकडे’पासून ‘अहो’, ‘अहो’पासून ‘अरे’, अशी जवळिकीची चढती शिडी कल्पून स्त्रीच्या मुक्तीचे मोजमाप करणाऱ्यांनी या दोन अक्षरांचे काय करावे, हा प्रश्न आहे.

चाळीच्या बाहेरच्या जगातून आलेल्या एका पुस्तकाने हा सारा हिशेब पुन्हा तपासायला लावला. फलटणच्या बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. ‘आमच्या आयुष्यांतील’ आणि ‘जिणं आमुचं’ ही शीर्षके शब्दकोशाच्या दृष्टीने जवळजवळ एकच आहेत. दोन्हींतला ‘आम्ही’ वाचकाला वगळतो. पण रमाबाईंचा ‘आम्ही’ दोघांचा आहे आणि बेबीताईंचा एका संपूर्ण महारवाड्याचा. तो ज्यांना वगळतो त्यांनी शतकानुशतके या वस्तीला वगळले होते. त्यामुळे येथे वगळणे म्हणजे परत केलेली दृष्टी आहे. सामूहिक तादात्म्याचा इतका ठाम उच्चार मराठी आत्मकथनात फार थोड्या ठिकाणी आहे. आणि या ‘आमुचं’मध्ये पती जवळजवळ नाही. त्याच्यासाठी ‘स्वतः’ नाही, आडनाव नाही, लाडके नाव नाही. हे लिखाण त्यांनी घरात वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले होते. सवर्णांनी केलेला छळ त्यांनी ‘आम्ही’ म्हणून निर्भयपणे मांडला. घरातला छळ मांडायला ‘मी’ लागला असता, आणि तो ‘मी’ वस्तीच्या ‘आम्ही’त मावत नव्हता. त्या मारहाणीविषयी त्या बोलल्या त्या दोन दशकांनंतर, अनुवादिका माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत, म्हणजे समोर बसून कोणी ‘तुम्ही’ म्हणून विचारले तेव्हा.